लॉगची जागा : प्रस्तावना

क्लस्टर उभा करताना माणसे बरीच काळजी घेतात. दोन नोडना जोडणारी दोन वेगळी नेटवर्क, दोन्हीकडून दिसणारे स्टोरेज, वीज तोडण्यासाठी आयपीएमआयची स्वतंत्र लाइन, व्हर्च्युअल आयपी, सगळे कागदावर असते. हस्तांतराच्या दिवशी एका नोडची केबल ओढून दाखवली जाते, डेटाबेस दुसऱ्या नोडवर उभा राहतो, सह्या होतात. या सगळ्यात लॉग कुठे लिहिला जाणार, हे सहसा कुणी विचारत नाही. पॅकेज इन्स्टॉल झाले तेव्हा जी जागा ठरली ती ठरली. पुढे कधीतरी मध्यरात्री क्लस्टर आपणहून एक नोड बंद करतो, सेवा दोन मिनिटांत दुसरीकडे सुरू होते, ग्राहकाला फारसे कळतही नाही, आणि सकाळी साहेब विचारतात, "झालं काय होतं?" त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार की नाही, ते लॉगची जागा ज्या दिवशी ठरली, किंवा ठरवायची राहून गेली, त्याच दिवशी ठरलेले असते.

या हस्तपुस्तिकेचा विषय एवढाच आहे. लिनक्सवर चालणाऱ्या पेसमेकर आणि कोरोसिंक या जोडीचे लॉग कुठे जातात, ते हवे तिथे कसे न्यायचे, आणि मुळात कुठे न्यावेत. सेटिंग म्हणून पाहिले तर या चार-सहा ओळी आहेत, आणि मॅन्युअलमध्ये त्या सापडतात. मॅन्युअल सांगत नाही ते एवढेच, की त्या ओळी भरताना डोक्यात कोणता प्रश्न ठेवायचा. माझ्या मते तो एकच आहे: हा नोड मेला, तर हा लॉग मला मिळेल का?

एकट्या सर्व्हरच्या बाबतीत हा प्रश्न इतका टोकाचा नसतो. प्रोग्राम पडतो, मशीन चालू असते, आपण आत शिरतो आणि शेवटच्या ओळी वाचतो. क्लस्टरचे तसे नाही. ज्याचा भरवसा उरला नाही असा नोड जबरदस्तीने बंद करणे हे क्लस्टरच्या सॉफ्टवेअरचे नेमून दिलेले कामच आहे. याला फेन्सिंग म्हणतात. ते केले नाही तर दोन नोड एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहू लागतील आणि डेटाची वाट लागेल. म्हणून वीज तोडली जाते किंवा व्हर्च्युअल मशीन रीसेट होते, तेही विचारपूस न करता. याचा अर्थ, ज्या मशीनचा लॉग आपल्याला सर्वांत जास्त हवा असतो, नेमके तेच मशीन शेवटची ओळ डिस्कवर उतरायच्या आत बंद पडलेले असते.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, दोन व्हर्च्युअल मशीनचा क्लस्टर आहे आणि पहिल्या नोडवर पोस्टग्रेसक्यूएल चालू आहे. रात्री २ वाजून १० मिनिटांनी बॅकअपचे सॉफ्टवेअर पहिल्या मशीनचा स्नॅपशॉट घेते आणि त्या नादात हायपरव्हायझर ते मशीन सात-आठ सेकंद गोठवून ठेवतो. कोरोसिंक नोडमध्ये टोकन नावाचा एक निरोप फिरवत ठेवते; ३.१ आवृत्तीपासून त्याची मुदत मुळात ३,००० मिलिसेकंद असते, त्याआधी ती १,००० होती. तेवढ्या वेळात टोकन आले नाही की दुसरा नोड पहिल्याला हरवलेला समजतो, नवी सदस्ययादी तयार करतो आणि फेन्सिंगचा हुकूम सोडतो. इतक्यात पहिले मशीन जागे होते. आपली झोप झाली, हे कोरोसिंकला घड्याळावरून कळते, आणि ते लॉगमध्ये इशारा लिहिते: मुख्य प्रोसेस इतके मिलिसेकंद शेड्यूल झाली नाही, टोकनची मुदत वाढवण्याचा विचार करा. टोकनच्या मुदतीच्या ८० टक्क्यांहून जास्त वेळ प्रोसेस थांबली, की हा इशारा पडतो. साऱ्या प्रकरणाचे मूळ कारण सांगणारी ओळ हीच. आणि पुढच्या दोन सेकंदांत मशीन रीसेट होते.

ती ओळ कुठे गेली? फाइलमध्ये लिहिली गेली, पण डिस्कवर गेली नाही. लिनक्स लिहिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगप्रमाणे असे पान ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकते. रीसेट झाल्यावर मेमरी गेली आणि तिच्याबरोबर ओळही गेली. सिस्टमडीचा जर्नल पाहावा, तर अनेक सर्व्हरवर तो /रन खाली, म्हणजे मेमरीतच असतो. अशा ठिकाणी, सेटिंग मुद्दाम बदललेले नसेल तर, /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आधीपासून असेल तरच तो डिस्कवर टिकतो. सकाळी पहिल्या नोडचा लॉग उघडला, की त्यात २ वाजून ९ मिनिटांपर्यंतच्या किरकोळ नोंदी दिसतात आणि त्यानंतर थेट बूट झाल्याच्या. दुसऱ्या नोडच्या लॉगमध्ये एवढेच, की टोकन आले नाही म्हणून फेन्स केले. मूळ कारणाच्या रकान्यात मग "नेटवर्क समस्या" असे लिहून टिकेट बंद होते, आणि पुढच्या आठवड्यात बॅकअपच्या वेळी पुन्हा तोच प्रकार.

तीच ओळ सिस्लॉगमार्गे दुसऱ्या मशीनवर जात असती, तर जागे झाल्या क्षणीच ती नेटवर्कवरून निघून लॉग सर्व्हरवर पोचली असती. दोन सेकंद तिला पुरेसे होते. म्हणून या पुस्तिकेतला पहिला नियम: क्लस्टरच्या लॉगची एक प्रत क्लस्टरच्या बाहेर असलीच पाहिजे. बाकी सगळ्या सोयी नंतर.

कोणता लॉग कुठे जातो हा गोंधळ मात्र खरा आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ॲलन रॉबर्टसन यांनी लिनक्स-एचए प्रकल्पात हार्टबीट हे आजच्या जोडीचे पूर्वज असलेले सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्याच्या एचए.सीएफ या फाइलमध्ये लॉगफाइल, डीबगफाइल आणि लॉगफॅसिलिटी असे तीन शब्द असत. नेहमीचा लॉग /व्हार/लॉग/एचए-लॉग इथे आणि डीबगचा एचए-डीबग इथे, अशी मांडणी जुन्या माणसांना आजही पाठ असेल. पुढे त्यात लॉग लिहिण्यासाठी वेगळा डेमन आला. कारण साधे होते: नाडीचे संदेश पाठवणारी प्रोसेस डिस्कवर लिहिताना अडकली, तर समोरच्याला वाटणार की नोड मेला. लॉग लिहिण्याच्या कामापायीच फेलओव्हर होऊ नये, ही जाण तेव्हापासून या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजचे कोरोसिंकही लॉग लिहिण्याचे काम मुख्य प्रोसेसमध्ये न ठेवता वेगळ्या थ्रेडकडे देते.

हार्टबीटमधला निर्णय घेणारा भाग अँड्र्यू बीकहॉफ यांनी स्वतंत्र केला आणि त्यातून पेसमेकर आले. निरोप पोचवण्याचे काम कोरोसिंककडे गेले. दोन वेगळी सॉफ्टवेअर झाली, पण लॉग बराच काळ एकत्र नांदले. पेसमेकर १.१च्या काळात पेसमेकर कोरोसिंकच्या सेटिंगमधली लॉगफाइल स्वतःसाठीही वापरत असे. म्हणून रेड हॅट ७च्या क्लस्टरवर बहुतेक ठिकाणी दोघांचेही बोलणे /व्हार/लॉग/क्लस्टर/कोरोसिंक.लॉग या एकाच फाइलमध्ये सापडते. जुलै २०१८मध्ये पेसमेकर २.० आले आणि दोघांची चूल वेगळी झाली. पेसमेकरने कोरोसिंकच्या लॉगच्या सेटिंगकडे बघणे सोडले आणि स्वतःची जागा धरली: /व्हार/लॉग/पेसमेकर/पेसमेकर.लॉग. त्याच वेळी डेमनांची नावेही बदलली. सीआरएमडीचे पेसमेकर-कंट्रोल्ड झाले, पीइंजिनचे पेसमेकर-शेड्यूलर्ड, स्टोनिथडीचे पेसमेकर-फेन्स्ड. जुन्या फाइलमध्ये जुनी नावे शोधण्यासाठी लिहिलेल्या ग्रेपच्या स्क्रिप्ट त्या दिवसापासून काहीही न सापडता यशस्वी होऊ लागल्या. अपग्रेड झालेल्या अनेक क्लस्टरवर मॉनिटरिंग आजही रिकाम्या फाइलवर डोळे लावून बसलेले असते. पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात जुन्या-नव्या नावांचा आणि जागांचा तक्ता आहे, तो यासाठीच.

आज जागा बदलायची तर दोन ठिकाणी हात घालावा लागतो. कोरोसिंकसाठी कोरोसिंक.कॉन्फ मधला लॉगिंगचा विभाग: फाइलमध्ये लिहायचे का, कोणत्या, सिस्लॉगकडे पाठवायचे का, वेळेचा शिक्का हवा का. पेसमेकरसाठी रेड हॅट आणि सुसे घराण्यात /ईटीसी/सिसकॉन्फिग/पेसमेकर, डेबियन घराण्यात /ईटीसी/डिफॉल्ट/पेसमेकर. तिथे पीसीएमके_लॉगफाइल या नावापुढे पाथ लिहायचा. "नन" लिहिले तर फाइल बंद. सिस्लॉगकडे पेसमेकर मुळात नोटीस आणि त्यावरच्या पातळीचेच संदेश पाठवतो, सविस्तर बोलणे फक्त फाइलमध्ये असते. म्हणजे दूरच्या लॉग सर्व्हरवर घटनाक्रम पोचतो, तपशील स्थानिक फाइलमध्ये राहतो. ही विभागणी बरी आहे. सगळा तपशील नेटवर्कवर ओतण्याची गरज क्वचितच पडते.

पण इथे एक खाच आहे. पेसमेकरची मुख्य माहिती, म्हणजे रिसोर्स (क्लस्टर सांभाळतो त्या सेवा, डिस्क, आयपी) आणि त्यांचे नियम, सीआयबी या साठ्यात असते आणि ती सर्व नोडवर आपोआप सारखी राहते. कोरोसिंक.कॉन्फ सर्व नोडवर सारखी असायला हवी, आणि पीसीएस या साधनाची कमांड दिली की ती सारखी होते. सिसकॉन्फिगची फाइल मात्र कुणीच सारखी करत नाही. ती ज्या नोडवर बदलली त्याच नोडवर बदलते. एखाद्याने घाईत एका नोडवर डीबग सुरू केले, लॉग वेगळ्या डिरेक्टरीत वळवला आणि शिफ्ट संपवून गेला, की वर्षभराने दोन नोडचे लॉग दोन ठिकाणी सापडतात. ही फाइल अन्सिबल किंवा तशाच साधनाने सांभाळावी. शिवाय ती पेसमेकर सुरू होतानाच वाचली जाते, त्यामुळे बदल लागू करायला रीस्टार्ट लागतो. क्लस्टर मेंटेनन्स मोडमध्ये टाकला तर रिसोर्स चालू ठेवून हे करता येते. चेंज विंडोत ते कोणत्या क्रमाने करावे, याची पायरीवार यादी तिसऱ्या प्रकरणात दिली आहे.

नवी डिरेक्टरी निवडताना परवानग्या तपासाव्यात. पेसमेकरचे काही डेमन रूट म्हणून चालतात आणि काही एचएक्लस्टर या युजरच्या नावाने. डिरेक्टरीत शिरायची मुभा फक्त रूटला असेल तर काहींचे बोलणे लॉगमध्ये येते आणि काहींचे येत नाही, आणि असा अर्धवट लॉग रिकाम्या लॉगपेक्षा जास्त दिशाभूल करतो. एसईलिनक्स चालू असेल तर नव्या जागेला क्लस्टरच्या लॉगचे लेबलही द्यावे लागते. ते दिले नाही म्हणून एसईलिनक्सच बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.

आता एका मोहाबद्दल थोडे सविस्तर. सामायिक डिस्क हाताशी असते, मोठी असते, दोन्ही नोडना दिसते. लॉग तिथेच ठेवले तर एका जागी मिळतील, असे कुणालाही वाटेल. हे करू नये. ती फाइलसिस्टम क्लस्टरच्या ताब्यातला रिसोर्स आहे. फेलओव्हरच्या वेळी ती एका नोडवरून अनमाउंट होऊन दुसऱ्यावर माउंट व्हायची असते, म्हणजे गडबडीच्या ऐन क्षणी लॉगच्या पायाखालची जागा काढून घेतली जाते. त्याहून वाईट पुढे आहे. उघडलेली फाइल असेल तर अनमाउंट अडते. अशा वेळी फाइलसिस्टम सांभाळणारा एजंट, नेहमीच्या सेटिंगनुसार, ती फाइलसिस्टम धरून बसलेल्या प्रोसेसना सिग्नल पाठवून ठार करू पाहतो. धरून बसलेली प्रोसेस जर पेसमेकरचा स्वतःचा डेमन असेल, तर क्लस्टर स्वतःच्याच माणसांवर उठतो. रिसोर्स बंद करणे फसले, की पुढची पायरी फेन्सिंग. लॉग सोयीने ठेवण्यापायी एक चांगला नोड गेला. क्लस्टर ज्याची हलवाहलव करतो, त्यावर क्लस्टरचा लॉग ठेवायचा नाही, हा दुसरा नियम.

तिसरा नियम जागेच्या आकाराबद्दल आहे. लॉग वाढतात, डीबग चालू असेल तर भराभर वाढतात. /व्हार/लॉग आणि /व्हार/लिब एकाच पार्टिशनवर असतील तर लॉगने भरलेल्या डिस्कवर पेसमेकरला सीआयबीही लिहिता येत नाही. म्हणून /व्हार/लॉग वेगळ्या पार्टिशनवर असावा. लॉगरोटेट लावताना पेसमेकरच्या बाबतीत फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याची पद्धत वापरतात, कारण अनेक डेमन एकच फाइल उघडून बसलेले असतात. नुसते नाव बदलले तर ते जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतात. ती पुसून टाकली तरी, ती उघडी असेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. नव्या कोरोसिंकमध्ये लॉगच्या फाइल पुन्हा उघडायला लावणारी कमांड आहे; ती रोटेशनला जोडून द्यावी. पाथ बदलला आणि लॉगरोटेटची फाइल तशीच राहिली, ही चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यासाठी वेगळी चौकट छापली आहे.

दूरच्या लॉग सर्व्हरलाही अट आहे. आरसिस्लॉग टीसीपीवरून पाठवत असेल आणि त्या पाठवण्याला स्वतःची रांग दिली नसेल, तर लॉग सर्व्हर बंद पडल्यावर इथला सिस्लॉगही तुंबतो आणि सिस्लॉगकडे लिहिणारे सगळे खोळंबतात. दुसऱ्या गावचा लॉग सर्व्हर पडला म्हणून इथला प्रॉडक्शन क्लस्टर घुटमळू लागला, अशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर रांगेच्या दोन ओळी घालाव्यात. त्या कोणत्या, ते चौथ्या प्रकरणात आहे.

लॉग हाती आल्यावर तो वाचणे हा या पुस्तिकेचा विषय नाही, तरी जागा ठरवताना वाचणाऱ्याचा विचार करावाच लागतो. क्लस्टरमध्ये निर्णय एकच नोड घेतो. त्याला डीसी म्हणतात आणि तो बदलत असतो. रिसोर्स का हलवला, याचे उत्तर त्या वेळी जो डीसी होता त्याच्याच लॉगमध्ये असते. निर्णयाच्या क्षणाचे सगळे चित्र पीई-इनपुट नावाच्या फाइलमध्ये, त्याच नोडच्या /व्हार/लिब/पेसमेकर/पीइंजिन खाली ठेवलेले असते. रिसोर्स का पडला, याचे उत्तर मात्र तो जिथे चालत होता त्या नोडवर, आणि बऱ्याचदा क्लस्टरच्या लॉगमध्ये नसून डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये असते. पेसमेकर फक्त एवढे सांगतो की एजंटने ७ हा कोड दिला, म्हणजे सेवा चालू नव्हती. का चालू नव्हती, ते पोस्टग्रेसच सांगणार. तेव्हा ॲप्लिकेशनच्या लॉगची जागाही याच बैठकीत ठरवा. सीआरएम_रिपोर्ट हे साधन सर्व नोडवरून ठरावीक वेळेपुरते लॉग गोळा करते. लॉगच्या जागा सगळीकडे सारख्या असतील तर तेही नीट चालते.

दोन नोडचे लॉग शेजारी ठेवून वाचणे म्हणजे दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळवणे. घड्याळे जुळलेली नसतील तर आधी कोण पडले हेच कळत नाही. क्रोनी सर्व नोडवर आणि लॉग सर्व्हरवर चालू हवा. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरवरही काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तिथली गेट-क्लस्टरलॉग ही कमांड वेगळे सांगितले नाही तर जीएमटीप्रमाणे वेळ देते. भारतीय वेळेशी पडणारा साडेपाच तासांचा फरक विसरून कित्येक तपास भलत्याच रात्रीच्या मागे लागले आहेत.

भारतात काम करणाऱ्यांसाठी याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांपर्यंत जपायचे आहेत आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत. लॉगरोटेटच्या प्रचलित सेटिंगमध्ये आठवड्याला एक अशा चार जुन्या फाइल राहतात, म्हणजे फार तर महिनाभराचा लॉग. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधला क्लस्टर असो की हिंजवडीतून चालवला जाणारा, पाच महिन्यांची तूट भरून काढायला लॉगची जागा आणि मुदत दोन्ही जाणीवपूर्वक ठरवावी लागतात.

ही पुस्तिका नव्याने क्लस्टर हाती घेतलेल्या ॲडमिनसाठी आहे. लिनक्सची कमांड लाइन येते, हे गृहीत धरले आहे. पेसमेकरचे आतले तपशील येतात, हे धरलेले नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तपासण्याची यादी आहे. ती प्रॉडक्शनवर वापरण्याआधी चाचणीच्या क्लस्टरवर वापरा.

आणि पुस्तिका वाचायला घेण्याआधी एक काम करा. चाचणीच्या क्लस्टरवरचा एक नोड वीज तोडून बंद करा, शटडाउनची कमांड देऊन नव्हे. त्याला हात न लावता, तो बंद असतानाच, त्याच्या शेवटच्या मिनिटाचा लॉग मिळवायचा प्रयत्न करा. मिळाला तर ही पुस्तिका तुम्हाला फारशी लागणार नाही. मिळाला नाही, तर आधी चौथे प्रकरण वाचा, मग बाकीची.